इब्राचं खलास

मार्टिन,

हे लिहायला बसण्याआधी मी उठून दाराची कडी नीट लागली आहे ना ते बघून आलो. तुझ्याशी बोलायला आता कसली आलीय भीती, पण सवय जात नाही. तू असतास तर सोफ्यावर पाय पसरून म्हणाला असतास, "बस ना भागूबाई, कोण खातंय तुला." मस्कतच्या हमरिया भागातल्या या बिल्डिंगमध्ये भर दुपारी कोण येणार? खालच्या टेलरचं मशीन तेवढं चालू आहे. तरी जिन्यात पावलं वाजली की मी लिहायचा थांबतो. पावलं वरच्या मजल्यावर निघून गेली की तुझी आठवण येते, कारण असल्या वेळी मी तुलाच फोन करायचो.

भित्री भागूबाई हे नाव तू मला पहिल्याच आठवड्यात ठेवलंस. नव्वदच्या दशकात मी पुण्याहून मस्कतला आलो तेव्हा तू इथे चांगला मुरला होतास. मुंबईच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं रुवीत दोन खोल्यांचं ऑफिस, त्यात तू विकणार आणि मी बसवणार. दुकानाची बिलं, गोदामातला माल, नोकरांचे पगार, हे सगळं कॉम्प्युटरवर करून देणारे प्रोग्राम घेऊन आपण गावोगाव फिरायचो. राउंडअबाउटमध्ये गाडी घालायला मी घाबरायचो, मागचे लोक हॉर्न वाजवायचे, आणि तू शेजारी बसून वसईहून आणलेली सुकेळी खात म्हणायचास, "आरामात. भागूबाईला घाई नाही." केळी वाळवून अशी गोड करतात हे मला तोवर माहीत नव्हतं. तू अर्धं पुडकं माझ्या मांडीवर ठेवायचास.

आयुष्यात मी दुसऱ्या कुणाच्या जिवावर इतका निर्धास्त राहिलो नाही. हे तुला कधी सांगितलं नाही. तू सांगूही दिलं नसतंस, मध्येच काहीतरी पाचकळ बोलला असतास.

तुझ्या बोलण्यातलं मला सगळ्यात आधी काय कळायला लागलं असेल तर तुझं 'खलास'. इथे आलेल्या प्रत्येकाच्या तोंडी ते बसतं. इथला दुकानदार खलास म्हणतो, म्हणजे ठरलं, झालं, काळजी नको. आपल्या मुंबईकडे खलास म्हणजे संपलं, गेलं, मेलं. तू दोन्ही वापरायचास. ओमानी माणसाशी बोलताना 'ला' लांबवून छातीवर हात ठेवायचास, आणि आपल्या माणसाशी बोलताना तळहात एकमेकांवर घासून पीठ झटकल्यासारखे झटकायचास. तुझ्या घरी फिलूवहिनी भात वाढताना तुझ्या तोंडाकडे बघायच्याच नाहीत, हातांकडे बघायच्या. मला त्याचं फार हसू यायचं.

इब्रा गावाला आपण शेवटचं गेलो तो दिवस आठवतो? आठवतो का काय विचारतोय मी. गेल्या वर्षभरात तो दिवस आपण दोघांनी इतक्या वेळा उगाळला की आता त्यातलं खरं किती आणि उगाळल्यामुळे आलेलं किती, याचीच मला धास्ती वाटते. पण एवढं नक्की. तिथल्या बाजारात, सूकमध्ये, बांधकामाच्या सामानाचं मोठं दुकान, आसपासच्या गावांत शाखा, आणि गादीवर बसलेला तो म्हातारा मालक, अर्बाब. महिनाभर आपण त्याच्याकडे खेपा घातल्या होत्या. आज सही होणार म्हणून तू कडक इस्त्रीचा शर्ट घातला होतास. त्याने हलवा पुढे केला, छोट्या कपातून कॉफी दिली. तू तिथल्या रीतीने कप हलवून 'पुरे' म्हणालास, तरी त्याने परत ओतली. मग मोडक्या हिंदीत म्हणाला, "मार्टिन, तुम अच्छा आदमी. लेकिन मेरा बेटा बोलता है नहीं. मशीन नहीं माँगता." आणि वर, "यल्ला, हलवा खाओ."

आपण हलवा खाल्ला. नाही म्हणायची इतकी गोड पद्धत मी पुण्यात कधी पाहिली नव्हती. गाडीत बसल्यावर तू तळहात झटकलेस आणि म्हणालास, "इब्रा खलास, भागूबाई. इस्त्री फुकट गेली."

ऑफिसात येऊन तू मुंबईच्या साहेबांना मेल पाठवलास. दोन बोटांनी टाइप करायचास, त्यामुळे तुझे मेल तारेसारखे असत. इंग्रजी अक्षरांत दोन शब्द, इब्रा खलास, आणि खाली तुझं नाव. थोड्या वेळाने साहेबांचं उत्तर आलं, 'अभिनंदन.' तू वाचून हसलास. "बघ, टोमणा मारतोय. महिनाभर पेट्रोल जाळून हात हलवत आलो म्हणून अभिनंदन." मलाही तसंच वाटलं. साहेबांचा स्वभावच खवचट. कुणी सुट्टी मागितली की "जरूर, आराम करा" म्हणणारे. टोमण्याला उलट उत्तर कुणी साहेबाला देतं का? मान खाली घालून गिळायचा आणि पुढच्या कामाला लागायचं, हेच आपण शिकलेलो. तू उत्तर दिलं नाहीस. विषय तिथेच मिटला असं आपल्याला वाटलं.

पुढे कंपनी मोठी झाली. तिचे शेअर अमेरिकेच्या बाजारात विकायला निघाले, आपल्याला त्या निमित्ताने टोप्या आणि कॅलेंडरं आली. टोपी घालून तू ऑफिसात फेऱ्या मारल्यास. मग काही वर्षांनी एका आठवड्यात भाव असा कोसळला की टोपी घालायची लाज वाटावी. ज्यांनी तो शेअर चढ्या भावाने घेतला होता, त्यांच्यातल्या काहींनी सगळ्यांच्या वतीने तिथल्या कोर्टात दावा लावला. कंपनीने न झालेली विक्री झाली म्हणून दाखवली आणि भाव फुगवून आम्हाला फसवलं, असं त्यांचं म्हणणं. दाव्याचे कागद इंटरनेटवर होते. तू ते ऑफिसात उघडलेस आणि मला नुसत्या मानेने बोलावलंस. न झालेल्या विक्रीत एक नाव होतं, इब्रा.

तुला घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तू माऊसवरचा हात काढून पँटला पुसलास. मी घाबरलो की माझा आवाज चढतो, तुझा पार बसला होता. आजवर आपल्या दोघांत घाबरायचं काम माझ्याकडे होतं. तूही घाबरलास तर मी कुणाकडे बघायचं, हा विचार माझ्या मनात आला, आणि मला त्याची अजून लाज वाटत नाही. इतका मी हादरलो होतो.

तू साहेबांना फोन लावलास. मी शेजारी कान देऊन उभा.

"साहेब, इब्राची ऑर्डर आपल्याला मिळालीच नव्हती."

"अहो मार्टिन, तुम्हीच तर कळवलंत झालं म्हणून. तिकडे गल्फमध्ये खलास म्हणजे झालं, असंच ना? आम्ही आपले तुमच्या शब्दावर विसंबलो."

"साहेब, तुम्ही दादरचे, मी वसईचा. आपण एकमेकांशी अरबी कधीपासून बोलायला लागलो?"

मग साहेब अगदी आपुलकीने म्हणाले, "तब्येत सांभाळा हं." त्या आपुलकीने मी कान फोनपासून मागे घेतला. म्हणजे ते अभिनंदन टोमणा नव्हतं. किंवा तेव्हा होतं आणि नंतर कुणाच्या तरी लक्षात आलं की याचा दुसरा अर्थही लावता येतो. यातलं कुठलं, ते आपण ठरवू शकलो नाही.

त्यानंतरचे महिने आपण कसे काढले ते आपल्यालाच माहीत. दोघांचे पासपोर्ट कंपनीची सरकारी कागदपत्रं बघणाऱ्या पीआरओच्या कपाटात, दोघांचे व्हिसे कंपनीच्या नावावर. नोकरी गेली की घर, मुलांची शाळा, सगळं आवरून निघायचं, आणि निघूही दिलं नाही तर? विमानतळावर कुणी नाव वाचून बाजूला घेतलं तर? 'फ्रॉड' हा शब्द आपण फोनवर उच्चारत नसू. दाव्याला आपण 'लग्न' म्हणायचो. "लग्नाचं काही कळलं का?" "नाही रे, अजून पत्रिका नाही." घरी अनघाने एकदा वैतागून विचारलं, कुणाचं लग्न आहे हे, इतके दिवस चाललंय ते? मी तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही.

आणि मग पत्रिका आली. दावा लावणाऱ्यांच्या वकिलांनी तुला शोधून काढलं.

अल मवालेहच्या भाजीबाजारात आपलं भांडण झालं तो शुक्रवार. तू चर्चमधल्या मिस्साच्या प्रार्थनेहून आला होतास, मी कांदे निवडत होतो. तू कांद्यांच्या पोत्यावर हात ठेवून म्हणालास की तू वकिलांना सगळं सांगणार आहेस.

"दावा लावणाऱ्यांत पुढे कोण आहे माहितीये? शाळेच्या बस चालवणाऱ्यांचा पेन्शन फंड."

"मग? तुझं काय नातं त्यांच्याशी?"

"नातं काय असायचंय. आपल्याला जे इब्राला विकता आलं नाही ते साहेबांनी त्यांना विकलं."

"तुझ्या रियाची दहावी आहे, मार्टिन. वहिनी आहेत. तू तोंड उघडलंस की व्हिसा कॅन्सल. गप्प बस."

"गप्प बसलो तर माझं खलास साहेबांच्या तोंडून निघेल. ते चालेल तुला?"

"मला काय चाललं नि नाही त्याने काय होतंय? मला भीती वाटते एवढंच कळतं."

"तुला कोण बोलावतंय, भागूबाई? तू घरी बस."

मला राग आला. कांद्यांची पिशवी तिथेच टाकून मी गाडीकडे गेलो. दुसऱ्या दिवशी ती पिशवी माझ्या टेबलाखाली होती, तू आणून ठेवलेली. आपण त्यावर बोललो नाही. त्यानंतर आपण चहा, प्रिंटरचा कागद आणि एसीचं पाणी गळतंय यापलीकडे काही बोललोच नाही. मी मनात उत्तरं तयार करत होतो. चांगली उत्तरं होती. गरीब बसवाल्यांची काळजी करायला अख्खी अमेरिका पडली आहे, तुझ्या मुलीची काळजी कोण करणार, असं काहीतरी. तू त्याच्यावर काय म्हणाला असतास, हे मला आता कधीच कळणार नाही, आणि मला ते हवं आहे. तुझ्याशी भांडायला मिळावं म्हणून मी आता पुन्हा ते कांदेही टाकून जाईन.

तू कसा गेलास ते मी इथे लिहिणार नाही. साक्षीची तारीख ठरली होती, आणि तू तिच्या आधी गेलास. बस्स.

एक मात्र सांगतो, कारण तुला ऐकायला आवडलं असतं. माणूस वारला की आधी त्याचा व्हिसा रद्द करायचा, मग त्याला घरी पाठवायचं, असं पीआरओने सांगितलं. मी त्याच्याबरोबर व्हिसाच्या सरकारी कचेरीत गेलो. खिडकीतल्या माणसाने तुझा पासपोर्ट उघडला, शिक्का मारला, दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवला आणि छातीवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "खलास." भला माणूस होता. इतकी वर्षं ज्या शिक्क्याला आपण टरकून होतो, तो एवढासाच आवाज करून पडला. मी पासपोर्ट खिशात ठेवून तिथेच उभा राहिलो. पीआरओने मला दंडाला धरून बाहेर नेलं.

साहेब मुंबईहून भेटायला आले. तुझ्या घरी वहिनींसमोर डोळे पुसले. जिना उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मार्टिनकडून कळवण्यात गफलत झाली असणार. आता गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं. तुम्ही नव्हतातच ना इब्राला?" मी पुढची पायरी उतरलो. ते पुढे म्हणाले, "तुमचा व्हिसा रिन्यूला आलाय ना? बघतो मी." ते गाडीत बसून गेले तरी मी कठडा धरून उभा होतो.

वर आलो तर रिया दारात. तिने ऐकलं होतं. आपल्या मुलांचं मराठी तुला माहीत आहे. ती म्हणाली, "अंकल, पप्पाने काय राँग केला?" तिच्या हातात तुझा चष्मा होता. मी म्हटलं, काही नाही गं. ती तशीच बघत राहिली. तुझ्यासारखेच डोळे आहेत तिचे, समोरच्याने पूर्ण सांगेपर्यंत न हलणारे.

मग वहिनींनी मला आत बोलावलं आणि जे सांगितलं ते तू मला सांगायला हवं होतंस. वकिलांनी पहिल्यांदा फोन केला तेव्हा नुसतं नाव-गाव, हुद्दा असंच विचारलं म्हणे, आणि विचारलं की इब्राला तुझ्याबरोबर कोण होतं.

"एकटाच होतो, असं म्हणाला," वहिनी म्हणाल्या. "मी शेजारीच बसले होते, सुहासभाऊ. फोन ठेवल्यावर म्हटलं, खोटं कशाला बोललास? तर म्हणाला, भागूबाईला भीती वाटते. त्याला यात नको. आणि त्या शुक्रवारी फादरकडे जाऊन ते कबूल पण करून आला."

मला रडू आलं आणि त्याच वेळी तुझा असा संताप आला की तू समोर असतास तर मी तुला बडवलं असतं. तू मला आत ठेवून बाहेरून कडी घातलीस. आता मला फक्त गप्प बसायचं होतं. मी इब्राला होतो हे कुणाला माहीत नाही, साहेबांना ते नकोच आहे, आणि ज्याला माहीत होतं तो सांगायला नाही. माझी नोकरी राहील, व्हिसा राहील, अनघाची बाग राहील, गॅलरीतली. आणि तुझे ते दोन शब्द साहेबांचे होतील. अमेरिकेच्या कोर्टात कायमचं लिहिलं जाईल की मस्कतच्या माणसाने खोटं कळवलं.

चार रात्री झोप नाही. अनघाने शेवटी विचारलं, "तुला भीती कशाची वाटते, बोलायची की न बोलायची?" मी म्हटलं, दोन्हीची. ती म्हणाली, "मग घाबरत घाबरत बोल. न घाबरता बोलायचं असं कुणी सांगितलंय?" वहिनी रियाला घेऊन वसईला निघाल्या, त्याआधी वकिलांचा नंबर मी त्यांच्याकडून घेतला. दाराची कडी लावून फोन केला.

काल संध्याकाळी साक्ष झाली, फोनवर. तिकडे सकाळ होती. त्यांनी शपथ दिली. दोन्ही बाजूंचे वकील होते, आवाज एकमेकांवर येत होते, मला कोण कुणाचा ते कळायला वेळ लागला. दावा लावणाऱ्यांच्या बाजूच्या एका बाईंनी तुझा मेल वाचून दाखवला. तुझे दोन शब्द त्यांनी असे वाचले की मला ओळखूच आले नाहीत.

"हा दुसरा शब्द कुठल्या भाषेतला?"

"आमच्या. मुंबईकडच्या बोलण्यातला."

"मेल तर मस्कतहून गेला आहे."

"मस्कतहून, पण मुंबईच्या माणसाला."

"त्याचा अर्थ काय?"

मी तळहात झटकले. मार्टिन, मी खरंच तळहात झटकले, रिसीव्हर खांद्याला लावून. बाई म्हणाल्या, साक्षीदाराने उत्तर दिलेलं नाही. मग मी तोंडाने सांगितलं. संपलं. गिऱ्हाईक नाही म्हणालं. ऑर्डर नव्हती.

"हे तुम्हाला कसं माहीत?"

"मी गाडीत त्याच्या शेजारी होतो."

मग कंपनीचा वकील बोलला, अगदी सावकाश. तुमच्या सहकाऱ्याने तर सांगितलं होतं की तो एकटा होता. म्हणजे एक तर तो खोटं बोलला, नाही तर तुम्ही बोलताय. कोण?

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. तरी मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला नेला. तुला खरं ठरवायला आधी तुला खोटं म्हणायचं होतं, आणि तेही तू माझ्यासाठी जे बोललास त्याला.

"तो," मी म्हटलं. "तो खोटं बोलला. मला वाचवायला. मला फार भीती वाटते म्हणून."

आवाज नीट आला नाही, परत सांगा, असं ते म्हणाले. मी परत सांगितलं. भीती वाटते हेसुद्धा परत सांगितलं. तेही कागदावर गेलं असणार. तू वाचलं असतंस तर किती हसला असतास.

फोन ठेवला तेव्हा अनघा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"झालं?"

"खलास," मी म्हटलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, हातांकडे बघत होती. हात मांडीवर पडले होते आणि थांबता थांबत नव्हते.

"कुठलं?" तिने विचारलं.

मला सांगता आलं नाही, मार्टिन. माझं कुठलं ते व्हिसाची तारीख आली की कळेल. तुझं कुठलं होतं ते मात्र त्यांनी लिहून घेतलंय. उद्या वसईला फोन करून रियाला ते सांगणार आहे.